बिनजाळीचे गोलखांब

जलंब स्टेशनवर मोठी गाडी सोडून मी खामगावच्या छोट्या गाडीत बसलो तेव्हा ट्रंकेत दोन शिट्ट्या, एक काळी अर्धी चड्डी आणि नियमांचं पुस्तक होतं. पुण्यातली माझी ड्रिलमास्तरची एक नोकरी संपली होती आणि दुसरी जूनमध्ये सुरू व्हायची होती. मधल्या रिकामपणात भास्करचं पत्र आलं. शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला आम्ही एका खोलीत राहिलो होतो. आता तो खामगावला शिक्षक होता.

"आमच्याकडे पाच गावांची फुटबॉल लीग आहे," त्याने लिहिलं होतं. "खेळाडू आहेत, मैदानं आहेत, भांडणंही आहेत. फक्त पंच नाही. इथे ज्याच्या हातात शिट्टी द्यावी तो कोणाचा तरी साडू निघतो. तुझं या जिल्ह्यात कोणीच नाही, तेव्हा तूच ये."

खामगाव, पिंपळगाव राजा, मेहकर, जानेफळ आणि डोणगाव असे पाच संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. ऐकायला सगळं पुण्यासारखंच वाटलं.

पहिला सामना पिंपळगाव राजाला होता. मैदानाच्या रेघा राखेने आखल्या होत्या आणि जानेवारीतला वारा त्या हळूहळू शेजारच्या तुरीच्या शेतात नेत होता. गोलला दोन बल्ल्या आणि वर आडवा बांबू, जाळी नव्हती. रेघेवर झेंडे घेऊन उभे राहणारे दोघं दोन्ही संघांनी एकेक दिले होते, आणि प्रत्येकाचा झेंडा फक्त समोरच्या संघाविरुद्धच वर जायचा. दहाव्या मिनिटाला मी त्यांना मानाने बसवून चहा पाजला आणि दोघांचंही काम स्वतःकडे घेतलं.

विसाव्या मिनिटाला चेंडू बाभळीच्या काट्यावर बसला. चेंडू एकच होता. मग गावातल्या चांभारकाकांना मैदानावर बोलावलं. ते मधोमध मांडी घालून बसले आणि सगळं गाव भोवती गोल करून टाके पाहू लागलं. तेवढ्यात खेळाडू शेतात हुरडा खाऊन आले. सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा पोटं इतकी भरली होती की पुढे कोणी धावलंच नाही. शून्य-शून्य. जाताना एक पागोटेवाले आजोबा मला म्हणाले, "मास्तर, खेळ बरा होता. पन शिवन्याचं काम लय झ्याक झालं."

भाषेशी माझी झटापट रोज चाले. "पेनल्टी काऊन देली?" (का दिली?) हे मला दुसऱ्याच दिवशी कळायला लागलं, कारण ते सगळ्यात जास्त ऐकू यायचं. "मास्तर, तुमाले दिसून नाही राह्यलं का?" याचाही अर्थ लवकरच लागला.

शेवटच्या आठवड्यात माझी सोय जानेफळच्या कप्तानाकडे झाली. सदाशिव हा वांगी-टमाट्यांचा मळा करणारा, उंच, काटक माणूस; अनवाणी खेळायचा आणि त्याचा डावा पाय अंगठ्यापासून टाचेपर्यंत सागवानासारखा टणक होता. घरी तो आणि त्याची आई. पहिल्या दिवशी भरीत वाढताना माय म्हणाली, "वरून सांबार टाकू का?" भरितावर सांबार या कल्पनेने मी घाबरून नको म्हटलं. मग तिने मूठभर हिरवीगार कोथिंबीर आपल्या ताटात घेतली आणि मला उमगलं की इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. दुसऱ्या दिवसापासून मी मागून घेऊ लागलो. ज्वारीची भाकर, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. पंचाने खेळाडूच्या घरी इतकं जेवू नये हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं; लिहायला हवं होतं.

कारण शेवटचा सामना जानेफळ आणि डोणगाव यांचाच होता. डोणगावला बरोबरी पुरत होती, जानेफळला जिंकणंच भाग होतं. दोन्ही गावांना परकं म्हणून मेहकरच्या मैदानावर सामना ठरला. दोन्ही गावं बैलगाड्या जुंपून आली. डोणगावचा गोलकीपर प्रल्हाद प्राथमिक शाळेत शिक्षक होता. माणूस अबोल. त्याचे विद्यार्थी कडेच्या गर्दीतून "जय भीम गुरुजी!" म्हणून ओरडायचे आणि तो तोंडातल्या तोंडात उत्तर देऊन पुन्हा चेंडूकडे बघायचा. त्या दिवशी त्याने काय काय अडवलं! एकदा तर सदाशिवचा फटका त्याने चक्क कपाळाने परतवला.

शेवटची दोन-तीन मिनिटं उरली. अजून शून्य-शून्य. सदाशिव उजवीकडून घुसला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं आणि पडता पडता डाव्या पायाने चेंडू हाणला. प्रल्हादने झेप घेतली. धुळीचा एक लोट उठला, चेंडू पलीकडे गेला, जानेफळच्या बाजूने प्रचंड आरोळी उठली आणि मी शिट्टी फुंकून मध्याकडे हात केला. गोल!

"गोल कायचा? बाहेरून गेला!" प्रल्हाद धुळीतून उठत ओरडला. दीड महिन्यात मी ऐकलेलं त्याचं ते पहिलं मोठं वाक्य.

"आतून गेला!" सदाशिव म्हणाला.

मग दोन्ही गावं मैदानात उतरली. एक गाव म्हणत होतं आम्ही डोळ्यांनी पाहिलं, दुसरंही तेच म्हणत होतं. भास्कर गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला. "तू पाहिलंस ना?" त्याने हळूच विचारलं.

मी धूळ पाहिली होती आणि आरोळी ऐकली होती. चेंडू खांबाच्या कुठल्या बाजूने गेला, ते मी पाहिलंच नव्हतं. 'हो' म्हटलं असतं तर मला कोणी खोटं पाडू शकत नव्हतं, आणि रात्री जानेफळला गोडाधोडाचं जेवण होतं. प्रल्हाद समोर उभा होता, कपाळावर टेंगूळ घेऊन.

मी मध्यावर जाऊन उभा राहिलो. "मी पाहिलं नाही," मी मोठ्याने म्हणालो. "आरोळी ऐकून शिट्टी मारली. चूक माझी. जे पाहिलं नाही ते मला देता येत नाही. गोल रद्द."

जानेफळच्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पुण्याहून एवढ्या दूर आनला, अन् मानूस आंधया निघाला!" आधी डोणगाव हसलं, मग नाइलाजाने जानेफळही. उरलेली मिनिटं खेळ झाला आणि डोणगाव विजेतं ठरलं.

जानेफळच्या परतीच्या गाडीत सदाशिव माझ्याकडे पाठ करून बैल हाकत होता. घरी ताट मांडलेलं होतं. मी पहिला घास हातात घेऊन नुसता बसलो.

"मास्तर," माय म्हणाली, "गोल गेला तं गेला. भाकर काऊन थंडी करून राह्यले?"

सदाशिवने खाली मान घालूनच माझ्याकडे ठेच्याची वाटी सरकवली. तो ठेचा त्या दिवशी नेहमीपेक्षा तिखट होता असं मला वाटलं, पण तक्रार करण्याची माझी लायकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिव मला मेहकरच्या मोटारस्टँडवर सोडायला आला. प्रल्हादही तिथे आला होता, हातात डोणगावच्या पेढ्यांचा पुडा घेऊन. मोटार यायला वेळ होता. मला राहवेना. "सदाशिवराव, आता खरं सांगा. चेंडू आतून गेला होता?"

सदाशिवने डोकं खाजवलं. "मले काय माईत? मी तं तोंडावर पडलो होतो. तुमी गोल देला, मले वाटलं झाला असन."

मी प्रल्हादकडे वळलो. त्याचे कान लाल झाले. "माझ्या दोन्ही डोळ्यांत माती गेली होती," तो म्हणाला. "पन आपला खांब हाये, आपन बाहेरूनच म्हननार न!"

सदाशिव इतका हसला की त्याला स्टँडच्या पायरीवर बसावं लागलं. मग आम्ही तिघांनी मिळून तो पुडा तिथेच संपवला.

पुण्याला आल्यावर मी ही हकिकत घरी सांगितली. त्या खांबांच्या सर्वांत जवळ असलेल्या आम्हा तिघांपैकी एकानेही काही पाहिलं नव्हतं, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ऐकणाऱ्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. माझे थोरले भाऊ, ज्यांनी मेहकर नकाशातही पाहिलेलं नाही, ते डोणगावच्या बाजूचे आहेत. वहिनींचं त्यांच्याशी यावरून अजून वाजतं. चेंडू निदान वीतभर आत होता, असं त्या शपथेवर सांगतात.