शोभेचा कांदा आणि आम्ही तिघी

फ्रिजमध्ये कांदे ठेवले म्हणून तुम्ही कधी घरच्यांची बोलणी खाल्ली आहेत का? आम्ही तिघींनी खाल्ली आहेत. मी, शेजारच्या वनिताताई आणि समोरच्या सलमाभाभी. अकोल्याच्या उन्हात शोभेचे कांदे फुलवायचे ठरवल्यापासून आमच्याकडे असे किस्से साचतच गेले. चेंडूएवढं जांभळं फूल येतं म्हणे. पण कंदाला आधी थंडी लागते. ती आमच्याकडे फ्रिजमध्येच!

* * *

माझा कंद लावायच्या आदल्या दिवशीच पोह्यांत गेला. मी बाजारात गेले होते. परत आले तर आमचे हे ताट पुसून खात होते.

“कांदा जरा उग्र निघाला,” एवढंच म्हणाले.

* * *

वनिताताईंनी कुंडी गच्चीवर ठेवली. शेजारच्या काकू रोज डोकावायच्या. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

“भाजीत टाकत नाही, पात खुडत नाही, मंग कांदा लावता काहून?”

“मंग तुमी गुलाबाची भाजी करता का?” वनिताताई म्हणाल्या.

पुढे तो कंद जास्त पाण्याने सडला. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

* * *

उरला सलमाभाभींचा. त्याला दांडा आला, टोकाला कळी धरली. भाभी दुपारी कुंडीवर ओलं पोतं धरायच्या. अमरावतीची लेक रविवारी फूल बघायला येणार होती. मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून झालं होतं.

शनिवारी वनिताताईंचा भाऊ बार्शीटाकळीहून आला. त्याची कांद्याची शेती. ताईंच्या घराला कुलूप, म्हणून भाभींनी त्याला अंगणात बसवलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. कांद्याला फुलाचा दांडा, म्हणजे डेंगळा, आला की कांदा पोसत नाही. तो दिसला की शेतकरी मोडून टाकतो. भाभी बाहेर आल्या तेव्हा दांडा त्याच्या हातात होता.

“भाभी, डेंगळा आला होता तुमच्या कांद्याले. मोडला. आता पोसते पाहा.”

भाभींनी कुंडीजवळचं ओलं पोतं घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “भाई, चाय में शक्कर कितनी?”

वनिताताई आल्यावर त्याला सगळं कळलं. तो जेवायलाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींच्या फाटकाशी त्याची मोटरसायकल उभी होती. मागे त्याने बियाण्यासाठी मुद्दाम राखलेल्या वाफ्यातल्या फुललेल्या पांढऱ्या डेंगळ्यांचा भारा बांधलेला होता, आणि बार्शीटाकळीच्या दोन-चार मधमाश्याही सोबत आल्या होत्या.