‘मोकळी झाली’ म्हणायच्या आधी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, पण कधी कोणाच्या हाती पडली तर समजून घ्यावं.

लेक संगीता सिल्वासाला असते. जावई सुताच्या कंपनीत आहेत. दुसरं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण तिच्या अंगात रक्त फार कमी निघालं. डॉक्टरांनी एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं. मग मीच निघाले. साक्रीहून एसटीनं सुरत, तिथून रेल्वेनं वापी. एवढ्या लांब एकटी कधी गेले नव्हते. पिशवी छातीशी धरून बसले, पाणीसुद्धा प्यायले नाही. वापीला रिक्षावाले ओरडत होते, "सेलवास, सेलवास! बेसी जाव, बेन!" (बसा, ताई.) सेलवास म्हणजेच सिल्वासा हे मला ठाऊक नव्हतं. मी दोन रिक्षा सोडल्या.

खोली राखोलीला, दमणगंगेजवळच्या चाळीत. संगीता दारात आली. तिचे ओठ पांढरे होते. मी कळण्याचं पीठ (ज्वारी-उडदाचं) नेलं होतं. तिनं अर्धीच भाकरी खाल्ली.

गावात मी बाळंतपणं करते हे तिनं चाळीत येणाऱ्या आशाताईंना (सरकारी आरोग्यसेविका) सांगितलं होतं. चाळीतल्या बायांसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं, त्यात त्यांनी माझं नाव घातलं. दहा जणींत बोलायची मला सवय नाही. तरी गेले.

शिकवणाऱ्या सिस्टर रत्नागिरीकडच्या. त्यांनी स्वतःच्या पोटाला कापडी थैली बांधली, आत बाहुली ठेवली, टेबलावर आडव्या झाल्या आणि कण्हायला लागल्या. "अगो, बघताय काय? धरा!" बाहुली बाहेर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. "मोकळी झाली बाई!" कोणी बाहुली पुसली, कोणी मुलगा की मुलगी विचारलं.

"मी मेले," सिस्टर पडल्या-पडल्या म्हणाल्या.

आम्ही हसलो.

"हसू नका. खाली बघा."

चादरीखालून लाल पाणी फरशीवर पसरलं होतं. थैलीत लाल पाणी भरलेलं होतं, त्याची नळी त्यांनी केव्हाच सोडली होती.

"बाळ आलं की सगळ्या बाळाकडे. आईकडे कोण बघतं?"

मग त्यांनी शिकवलं, आईच्या बेंबीखाली हात ठेवायचा. पिशवी (गर्भाशय) कच्च्या पेरूसारखी कडक लागली पाहिजे. कणकेसारखी लागली तर चोळायचं आणि ओरडून सिस्टरला बोलवायचं. दोन तास 'मोकळी झाली' म्हणायचं नाही.

आमच्या गावातली कमल अशीच गेली होती. आम्ही गूळ वाटत होतो आणि मागे ती गार पडत होती. बाहेरचं काही लागलं असं लोक म्हणाले. मीही म्हटलं.

शिबिर संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संगीताला कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात दुपारी नात झाली. बाळ रडल्याबरोबर जावई दारातून म्हणाले, "मामी, मोकळी झाली ना! पेढे आणतो!"

मी संगीताच्या बेंबीखाली हात ठेवला. आशाताई नातीला पुसत होत्या, तिकडेही पाहिलं नाही. नर्सबाईंनी सगळं नीट तपासलं आणि त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे गेल्या. माझा हात संगीताच्या पोटावरच होता. कडक होतं. थोड्या वेळानं मऊ लागलं.

"माय, माले थंडी वाजी ऱ्हायनी," (मला थंडी वाजतेय) ती म्हणाली.

खालचं कापड भिजलं होतं. मी चोळायला लागले. 'सिस्टर' म्हणायचं होतं, आवाज फुटला नाही. पुन्हा फुटला नाही. मग जे निघालं ते, "ए बाई! इकडं ये!"

सगळा वॉर्ड वळला. नर्सबाई धावल्या, सुई दिली, सलाईन लावलं. "चोळत राहा, मावशी, थांबू नका." हळूहळू हाताखाली पोट आवळलं. रक्त थांबलं.

नंतर त्या म्हणाल्या, "मला सासूनंसुद्धा कधी 'ए बाई' म्हटलं नाही हो!" मी पदरात तोंड लपवलं.

सव्वा महिन्यानं संगीताच्या ओठांवर थोडा रंग आला, तेव्हा परत निघाले. आता गावात कोणाकडून बोलावणं आलं की आधी दवाखान्याची गाडी मागवायला सांगते, मगच चप्पल घालते. भीती गेलेली नाही. ती जाऊ नये असंच वाटतं.

आल्या दिवशी बायांनी विचारलं, "नात कोणावर गेली?" मी म्हटलं, नाक बापाचं. पण नातीचा जन्म माझ्यासमोर झाला आणि तिचं तोंड मी पाहिलं ते दिवेलागणीला, हे त्यांना सांगितलं नाही.