काचेखालचा धूर

शेजारच्या बंगल्यात रोज सायंकाळी पालापाचोळा जाळला जातो. त्याविरुद्ध मी नगरपरिषदेकडे सातत्याने अर्ज करीत आलो आहे. माझी हयात तालुक्याच्या न्यायालयात लिपिक म्हणून गेली; नियम धाब्यावर बसवलेला दिसला की रक्त अजूनही उसळते. आणि या धुराचा त्रास घरात एकट्या मलाच होतो, कारण मागच्या एका तापात पत्नीची वास घेण्याची शक्ती गेली.

फोडणी करपली तरी तिला कळेना. दूध नासले आहे की नाही, हे ती मला विचारू लागली. डॉक्टर म्हणाले, परत येईल, किंवा येणारही नाही. एखादे काम उरकावे तसे चार घास उरकून ती ताटावरून उठे.

आमची कन्या बँकॉकला नोकरीस आहे. आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने तिथल्या एका पुरस्कारप्राप्त रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवले. जिला चवच लागत नाही तिला अशा ठिकाणी नेणे मला क्रूरपणाचे वाटले, आणि तसे मी बोललोही.

उंच इमारतीच्या माथ्यावरचे ते दालन अर्ध्या अंधारात होते. खाली नदी, तिच्यावरून सरकणाऱ्या दिव्यांच्या होड्या. खंडाळ्याच्या घाटात धुके उतरले की माणसे आपोआप हळू बोलू लागतात, तसे सगळे कुजबुजत होते. मेनूवर मात्र दर नव्हते. दर न सांगता माल खपवणे कोणत्या कायद्यात बसते, असे मी विचारले.

"बाबा, आजच्या दिवस कायदा मिटून ठेवा," कन्या म्हणाली.

काळ्या दगडावर एकुलती एक कोळंबी आली. शिंपल्यात घोटभर रस्सा आला. पत्नी प्रत्येक घास आज्ञाधारकपणे गिळून छान आहे म्हणे, आणि माझ्या संतापाला धार चढे. मनात तक्रारअर्जाचा मसुदा तयार होत होता.

मग वाढप्याने काचेचा एक घुमट आणून ठेवला. आत नुसता दाट, पांढरा धूर. त्याने घुमट उचलला, तसा तो धूर टेबलावरून ओघळत आमच्या मांडीवर आला. बंद दालनात, ग्राहकाच्या तोंडावर धूर! मी उठलोच. पत्नीने माझे मनगट धरले.

"अवं, थांबा. कुटंतरी राब पेटलाय."

तिचे माहेर तिकोणा गडाच्या पायथ्याचे, तिकोणा पेठेचे. भाताची रोपे करण्याआधी तिथे उन्हाळ्यात शेण, पाला, गवत, पेंढा पसरून जमिनीचा तुकडा भाजतात; तो राब. लग्न होऊन लोणावळ्यात आल्यापासून ती बोली तिच्या तोंडून मी ऐकली नव्हती. तिने डोळे मिटले होते. मी काही विचारले नाही. सूचक प्रश्नाने साक्ष बिघडते, हे मी जन्मभर पाहिले आहे. क्षणभर ती नदी, त्या होड्या विरघळल्या आणि पवनेच्या पाण्याकाठची, गडाखालची शेते धुरात तरंगताना मलाही दिसली.

"गेला," ती म्हणाली आणि तिने डोळे उघडले.

घरी परतल्यावर पुन्हा काहीच नाही. आले ठेचले, मोगरा हुंगला, कापूर लावला. तो निव्वळ भास होता का, या शंकेने तिला पोखरायला सुरुवात केली. मी रेस्टॉरंटला पत्र लिहिले, पण त्यात तक्रार नव्हती. घुमटाखाली काय जाळले होते, एवढेच विचारले. उत्तर आले: भाताचा पेंढा.

मेहुण्याकडून पेंढा मागवला. रात्री तो बाहेरच राहिला आणि त्याला दव लागले. सकाळी ती खिडकीकडे पाठ करून भाजी निवडत होती. मी तिला काही न सांगता घरामागे घमेले मांडले. पेंढा काही केल्या धड पेटेना, नुसता धुमसू लागला. शेजारी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

"काका, तुम्ही? आता हे चालतं का?"

"चालत नाही," मी म्हणालो. "लेखी तक्रार द्या. मसुदा हवा असल्यास मी करून देतो."

तो हसला, पण जागचा हलला नाही. धूर खिडकीच्या गजांतून हळूहळू आत शिरत होता. आतली भाजी निवडण्याची खुडखुड थांबली. 

"अवं," आतून आवाज आला, "वल्ला हाय त्यो पेंढा. दव लागलंय त्याला."

शेजाऱ्यादेखत मी घमेल्यात आणखी एक मूठ टाकली.