रामटेकचे पेढे

पोरांनो, तुम्ही दोघं तिकडे परदेशात आपलं नाव तोडून अर्धंच सांगता, असं तुमची आई म्हणाली. माझी हरकत नाही. पण त्यावरून आमच्या बेसा वस्तीच्या इमारतीतल्या पोळ्यावाल्या बाईबद्दल लिहावंसं वाटलं.

ती माझ्याकडे आणि याच इमारतीत आणखी तीन घरी पोळ्या करायची. दर दसऱ्याला सुटी घ्यायची. "रामटेकले जातो, काकू," म्हणायची. खालच्या मजल्यावरच्या वहिनी बजावायच्या, "प्रसाद विसरू नको वं." दुसऱ्या दिवशी चारही घरी पेढे पोचायचे.

गेल्या दसऱ्याला मी दवाखान्यातून परतत होते. दीक्षाभूमीच्या गर्दीत ऑटो अडकला. रस्त्याच्या कडेला, पांढरी साडी नेसून ती लोकांना पाणी वाटत होती. तिनं मला पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढला.

सकाळी तिनं पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला.

"रामटेकचे का?" मी विचारलं.

"आपल्या बेसा चौकातले." जरा थांबून म्हणाली, "तुमी सांगसान का आता?"

"लपवतेस कशाला? तू लपवलंस की त्यांचंच फावतं."

"तुमचं बरोबर हाय. पण खालच्या ताईनं पहिल्या बाईले काहून काढलं, माहीत हाय नं? माही पोरगी नर्सिंग शिकून राहिली. तिचं होऊ द्या. मंग मीच सांगन."

तिचं बरोबर होतं. सांगायचं की नाही आणि कधी, हे तिनं ठरवायचं. मला या वयात खोटं बोलायचं नव्हतं. पण नुसतं गप्प बसूनही भागत नाही. एकीबद्दलच गप्प बसलं की त्या गप्प बसण्यातून लोकांना उत्तर मिळतं. म्हणून मी ठरवलं, यापुढे कोणाचीच जात सांगायची नाही. चौकीदाराची नाही, भाडेकरूंची नाही, स्वतःचीही नाही. वहिनींच्या मुलाला स्थळ आलं. मुलीचे वडील माझ्या ओळखीचे.

"कसे आहेत?"

"भले आहेत."

"तसं नाही हो. आपल्यातले का?"

"त्यांनाच विचारा."

वहिनी महिनाभर बोलल्या नाहीत. वरचे काका गच्चीवर म्हणाले, "काकूले जात नका विचारू गा. त्या कॉन्व्हेंटच्या हायत, फक्त गुड मॉर्निंग सांगतात." सगळे हसले, मीही हसले. नियम मात्र सोडला नाही.

यंदा वहिनींकडच्या महालक्ष्म्यांना पुरणपोळ्यांसाठी हात कमी पडत होते. त्या वर आल्या. ती आत कणीक मळत होती.

"सोवळ्याचं काम आहे, काकू," वहिनी हळूच म्हणाल्या. "बाई आपल्यातली आहे नं?"

"मी कोणाचंच सांगत नाही."

"हो, तुमचं ते असतंच," त्या वैतागल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. नियम उपयोगी पडला होता.

तेवढ्यात ती कणकेच्या हातांनी बाहेर आली. "ताई, रोजच्या पोळ्या करतो. महालक्ष्म्याच्या नाही."

"काहून वं?"

"आमी बुद्धाले मानतो. इतके दिवस गप्प राहिली. पण गप्प राहणं वेगळं, अन् तुमच्या देवापुढं खोटं उभं राहणं वेगळं."

वहिनी तडक खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, उद्यापासून नको.

मी माझ्या मैत्रिणींना फोन लावले. पलीकडच्या गल्लीत तिला एक घर मिळालं. तिथं तिनं दारातच सगळं सांगितलं, मगच चपला काढल्या. मुलीचं कॉलेज सुटलं नाही.

या दसऱ्याला म्हणाली, "काकू, दीक्षाभूमीवर जातो." दुसऱ्या दिवशी पेढे आणलेच. एक पुडा जास्तीचा होता.

"हा खालच्या ताईले," ती म्हणाली. "प्रसाद विसरू नको, म्हणायच्या नं."

"घेतील का?"

"नाही घेतला तर आपण खाऊ. देतो तर मी."

मी गुडघ्याला पट्टा बांधला आणि तिच्यासोबत जिना उतरले. बेल तिनंच वाजवली.