एकदा वाजणारी बेल

आमच्या महाविद्यालयात प्राचार्यांच्या टेबलावर एक बेल आहे. ती दोनदा वाजली तर हेडक्लार्कने आत जायचे. एकदा वाजली तर शिपायाने. हा नियम कोठेही लिहिलेला नाही, आणि बहुधा म्हणूनच तो कोणी मोडलेला नाही. समाजशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली; आता मी निवृत्त आहे. ‘संस्था म्हणजे इमारत नव्हे, माणसांच्या अंगवळणी पडलेली रीत’ हे वाक्य मी दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे. ते मला ज्यांच्यामुळे नीट उमगले, त्या बाईंची ही हकीकत.

एकोणीस वर्षे त्या एकदा वाजणाऱ्या बेलसाठी उठत होत्या. सगळे त्यांना ‘मावशी’ म्हणत. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला मीसुद्धा. त्या हाकेत माया किती आणि हुकूम किती, हे कोणी तपासून पाहिले नव्हते. घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई, अशी दोनच माणसे. पंचेचाळिशी उलटल्यावर बाईंनी लिपिकपदाच्या परीक्षेचा अभ्यास आरंभला. त्या भाजी चिरत धडे म्हणून दाखवत आणि समोर सासूबाई पुस्तक उघडे धरून बसत. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. उत्तर चुकले की नाही, हे त्या सुनेच्या आवाजावरून ओळखत. “अडखळलीस. परत म्हण!”

बाई पास झाल्या. सासूबाई म्हणाल्या, “आता बस खुर्चीत पाय सुजवत!” आणि डोळे पुसत आत गेल्या.

दाखले देण्याची खिडकी त्यांच्याकडे आली. महिनाभर काम पाहून हेडक्लार्क शेरा देणार होते. तो प्रतिकूल गेला तर पुन्हा जुन्या जागेवर. शिपाई म्हणून नवा माणूस नेमलेला होता. पण बेल एकदा वाजे आणि तो चपला शोधेपर्यंत बाई केबिनच्या दारात पोहोचलेल्या असत. प्राचार्य मान वर न करता सांगत, “मावशी, चहा.” बाई चहा आणत. इकडे खिडकीपुढे मुलांची रांग लांबत जाई.

पहिल्या आठवड्यात हेडक्लार्कांनी वहीत तीनदा नोंदवले : ‘जागेवर नाहीत.’ चौथ्या वेळी ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, “बाई, खुर्चीवर तुमच्यापेक्षा तुमची पिशवीच जास्त वेळ बसते. तिलाच कायम करू का?”

“पाय आपोआप उठतात हो, साहेब.”

“मग पायांना सांगा, तुमची बदली झालीये.”

दुसऱ्या दिवशी त्या उठल्या नाहीत. लगेच एक प्राध्यापक कुजबुजले, “खुर्ची मिळाली की माणसं अशी बदलतात.” म्हणजे उठावे तर काम बुडते, न उठावे तर शिष्टपणा ठरतो. वर्गात मी यालाच ‘भूमिकासंघर्ष’ म्हणत असे आणि परीक्षेत त्यावर टीप विचारत असे.

त्याच दुपारी मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कामासाठी कार्यालयात गेलो होतो. टेकलो, आणि सवयीने बोलून गेलो, “मावशी, जरा पाणी.”

टंकलेखनाचा आवाज थांबला. बाईंच्या हातात शिक्का होता. त्या अर्धवट उठल्या, खिडकीपलीकडच्या मुलांकडे त्यांनी पाहिले आणि त्या पुन्हा बसल्या.

“सर, राग मानू नका. आज उठले तर रोज उठावं लागेल. माठ त्या कोपऱ्यात आहे.”

मला प्रथम अपमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. मग मी उठलो. माठ सापडला, पेले सापडेनात. मी वरचे कपाट उघडले, तर त्यात झाडू.

“खालच्या कप्प्यात, सर. डावीकडे,” बाई शिक्का मारता मारता म्हणाल्या.

एकतीस वर्षे मी त्या खोलीत पाणी प्यायलो होतो आणि पेले कोठे असतात, हे मला ठाऊक नव्हते.

तेवढ्यात हेडक्लार्क म्हणाले, “सर, उठलाच आहात तर एक पेला इकडेही.”

सगळे हसले. बाईंनी तोंडाला पदर लावला. मी दोन्ही हातांत पेले घेऊन आलो. निम्मे पाणी माझ्या सदऱ्यावर सांडले. दुसऱ्या दिवसापासून पेले माठाशेजारी उघड्यावर आले आणि ज्याला तहान लागेल तो उठू लागला. कुजबुजणारे प्राध्यापक दोन दिवस बाटली घेऊन आले. तिसऱ्या दिवशी तेही माठाकडे वळले. केबिनमधला चहा मात्र नव्या शिपायाला वेळेवर न्यायला लावायचे काम हेडक्लार्कांनी स्वतःकडे घेतले.

महिनाअखेरीस शेरा आला, दोनच शब्दांचा : ‘जागेवर असतात.’ बाई कायम झाल्या. तो कागद सासूबाईंनी उलटा धरून पूर्ण वाचला म्हणे.

परवा मी पुन्हा गेलो होतो. आत बेल एकदा वाजली. टेबलाखाली बाईंची टाच किंचित उचलली गेली आणि सावकाश खाली टेकली. वर त्या एका मुलीला विचारत होत्या, “नाव नीट तपासलंस ना, बाळ? मग कर सही.”