घडीबाईचं टेबल

धुलाईघरातल्या त्या वस्तूला टेबल म्हणणं ही थट्टाच होती. वॉर्डातून मोडीत निघालेल्या दोन खाटा शेजारी शेजारी लावून त्यावर फळ्या ठोकल्या होत्या. खाट जेवढी उंच तेवढंच टेबल उंच. त्यावर चादर पसरायची तर कमरेतून वाकायचं, कडा जुळवायला आणखी वाकायचं आणि घडी उचलून मागच्या मांडणीवर ठेवताना तसंच वाकलेलं वळायचं. एवढ्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या चादरी कधी संपत नाहीत. लोक आजारी पडायचे थांबत नाहीत, आणि आजारी माणूस चादर खराब केल्याशिवाय राहत नाही.

या टेबलाशी जिचा जन्म गेला तिला सगळे वॉर्ड घडीबाई म्हणत. तिच्या घडीची कड कशी असते ते नर्सना नुसत्या स्पर्शाने कळायचं. तरुणपणी ती तिथे लागली तेव्हा ताठ होती. लग्नातल्या फोटोत नवऱ्यापेक्षा उंच दिसते म्हणून फोटोग्राफरने तिला जरा मान खाली घालायला सांगितलं होतं. आता नवऱ्याच्या खांद्यालाही ती जेमतेम लागते.

दुखणं आधी अंगठ्याच्या मुळाशी आलं, मग मनगटात, मग गुडघ्यांत, आणि कंबर तर हजेरी लावल्यासारखी रोज सकाळी दुखायची. उठल्या उठल्या मूठ वळत नसे. बरणीचं झाकण, नळाची चकती, ब्लाउजचे हूक, नातीची वेणी, एकेक काम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला गेलं. नवरा झाकण उघडून देताना म्हणायचा, शेवटी आलोच ना उपयोगाला. ती म्हणायची, तीस वर्षांत एक झाकण, फारच दमलात. गोळ्या ती दुकानातूनच आणायची आणि रिकाम्या पोटी घ्यायची. त्यातून पोट बिघडलं ते वेगळंच.

शेवटी वरच्याच मजल्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून पाहिला आणि झीज झाली आहे, वयानुसार होतं, असं सांगितलं. तिने वय सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा फोटो पाहिला आणि गुडघे तरी साठीचे दिसतायत म्हणाले. मग त्यांना पेन्शन द्या, मी मागून येते, असं म्हणून ती खाली आली आणि पुन्हा त्याच टेबलावर वाकली.

टेबल उंच करा हे ती काही पहिल्यांदा सांगत नव्हती. एकदा तिने स्वतःच पायांखाली विटा लावल्या होत्या. तपासणीच्या आदल्या दिवशी त्या काढल्या गेल्या, कारण विटा वाईट दिसतात. कामाचं टेबल किती उंच असावं याचा नियम होता, पण तो कारखान्यांसाठी. अधीक्षकांनी तिला समजावून सांगितलं होतं की हे रुग्णालय आहे, मावशी, इथे आपण सेवा करतो. म्हणजे ज्या खात्याने लोकांची हाडं सांभाळायची त्याच्याच तळघरात हाडांचा नियम लागू नव्हता. कारखान्यात मोडलेली कंबर ही कंबर, आणि इथली ती सेवा.

तरीही तिने हे सगळं गिळलं असतं, इतकी वर्षं गिळलंच होतं. पण मागच्या वर्षी मुलाचं काम सुटलं आणि सून कंत्राटावर धुलाईघरात लागली, ती नेमकी त्याच टेबलावर. एका संध्याकाळी सून पोळपाटापुढे उभी राहून उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत दाबत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही आई, जरा ठणकतंय. घडीबाईच्या हातातलं भांडं तिथेच थांबलं. तिचंही असंच सुरू झालं होतं, याच बोटापासून, आणि तीही हेच शब्द बोलली होती.

त्याच सुमारास खात्याने ‘सांधे जपा’ पंधरवडा काढला. जिन्यात, लिफ्टपाशी, सगळीकडे फलक लागले. एक धुलाईघराच्या दारावरही लागला: सतत वाकून काम करू नका, ओझं उचलू नका, वजन आटोक्यात ठेवा. सून तो वाचून हसली आणि ओल्या चादरींचं बोचकं उचलून आत गेली. उद्घाटनाला राजधानीतून मोठ्या बाई येणार होत्या. दुखण्यावर मात करून हसतमुखाने काम करणारी कर्मचारी म्हणून सत्कारासाठी घडीबाईचं नाव निघालं. अधीक्षकांनी तिला बोलावून सांगितलं की दोन शब्द बोला, चांगलं बोला, मग टेबलाचंही बघू. शेवटचं वाक्य ऐकून ती तयार झाली.

घरी तिने दोन शब्द पाठ केले. खात्याचे आभार, साहेबांचे आभार. टेबल मिळणार असेल तर मी धुलाईघराच्या भिंतीचेही आभार मानीन, असं ती सुनेला म्हणाली.

सभागृहात मोठ्या बाई आधी बोलल्या. आवाज गोड होता. सांध्यांच्या आजारावर देशाचा किती खर्च होतो ते त्यांनी सांगितलं. लोक व्यायाम करत नाहीत, चुकीचं खातात, चुकीचं बसतात हे सांगितलं. मग घडीबाईकडे वळून म्हणाल्या, “या मावशींकडे पाहा. रुग्णांसाठी त्या आयुष्यभर चंदनासारख्या झिजल्या.”

टाळ्या पडल्या. घडीबाई माइकपाशी गेली. तोंडात आभार तयार होते. पण झिजल्या हा शब्द आडवा आला, आणि आभार त्याच्या मागे अडकले.

“चंदन आपलं आपण झिजत नाही, बाई,” ती म्हणाली. “कुणीतरी ते हातात धरून घासतं. मी झिजले नाही, मला झिजवलं. आता त्याच जागी माझी सून उभी आहे. ते टेबल उंच करा, बाकी शाल-बिल मला नको.”

मग मोठ्या बाईंनीच टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी त्यांना साथ दिली. काय सुंदर बोललात, त्या म्हणाल्या, अगदी काव्य. शाल अंगावर आलीच, फोटोही निघाले. टेबलाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

घरी सून भाकऱ्या थापत होती. थापता थापताच म्हणाली, “तुमचं भाषण गाजलं, आई. उद्या वाकायचं मलाच आहे. आणि माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय.”

घडीबाईच्या नवऱ्याने कधी नव्हे ते सुनेची बाजू घेतली. घडीबाईने शाल घडी न घालता कोपऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर तिने यंत्रातून निघालेल्या कोरड्या चादरी बोचक्यात तशाच कोंबल्या आणि वर पाठवायला लावल्या. सून घाबरली, आई, मला काढतील म्हणाली.

“तू बाहेर जाऊन बस. घडी मी घालत नाहीये, तू नाही. मी कायम आहे. मला काढायला त्यांना फाईल हलवावी लागेल, आणि इथे फाईल कशी हलते ते आपल्याला ठाऊक आहे.”

सून बाहेर गेली नाही. तिनेही एक चादर गोळा करून बोचक्यात टाकली.

थोड्याच वेळात वरून ओरडा सुरू झाला. शस्त्रक्रियेच्या खोलीत चुरगळलेल्या चादरींचा ढीग पोचला होता, तिथे काय कुठे शोधायचं ते कुणाला कळेना. एक नर्स भांडायला खाली आली, टेबल पाहून गेली आणि परत भांडायला आली नाही. अधीक्षक आले, सेवा या शब्दापासून सुरुवात केली. घडीबाई स्टुलावर बसून होती. ती म्हणाली, मी वाकायचं थांबवलंय साहेब, सेवा नाही. उंच टेबल आणा, दुपारच्या आत सगळ्या घड्या घालून देते.

जेवणाच्या सुट्टीआधी सुतार आला. त्याने उंची मापली, लाकडाचे ठोकळे कापून आणले, खाटांच्या पायांना खालून ठोकले, वरच्या फळ्या हलवून पाहिल्या. हे सगळं होईपर्यंत यंत्रातली एक खेपही संपली नव्हती.

सून टेबलाशी उभी राहिली. चादर पसरली, कड जुळवली, घडी घातली. “आई, बघा, वाकावंच लागत नाही,” ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. घडीबाईही जाऊन उभी राहिली. पण तिची पाठ आता सरळ होत नव्हती. टेबल वर आलं होतं आणि ती मात्र खालीच राहिली होती.

सुतार हत्यारं गोळा करत होता. तिने त्याला विचारलं, याआधी कधी हे काम सांगितलं होतं का तुला?

“नाही बुवा. सांगितलं असतं तर केव्हाच केलं असतं. माझी खोली या भिंतीपलीकडेच आहे, मावशी. चहा प्यायला येतो तसा आलो असतो.”

तिने त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की त्या भल्या माणसाला आपलं काय चुकलं ते कळेना. हातोडी पिशवीत टाकून तो निघून गेला. ती भिंतीकडे बघत राहिली. थोड्याच वेळात पलीकडून करवतीचा आवाज येऊ लागला. तो इतकी वर्षं येतच होता.