मागच्या सीटवरचं गाव

आमच्या सिल्वासाच्या संस्थेच्या जीपचा ड्रायव्हर धुळ्याकडचा होता. काही विचारलं की तो आधी गिअर टाकायचा, मग बोलायचा. न विचारलेलं कधीच सांगायचा नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. दारुड्या नवऱ्यांचा मार खाणाऱ्या बायकांसाठी आमच्या ताई दर गुरुवारी गलोंड्यात बैठक घ्यायच्या. शेजारच्या रांध्यात मुद्दाम काहीच करायचं नाही, ते गाव फक्त तुलनेला, असं पुण्याहून आलेल्या साहेबांनी ठरवलं होतं. दोन वर्षांनी पाहिलं तर मारहाण दोन्ही गावांत सारखीच कमी झालेली. साहेबांनी लिहून टाकलं, बैठकांचा उपयोग नाही, बंद करा. रांध्यात ती का कमी झाली, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. त्या अहवालावर माझीही सही आहे, आणि त्याचा संताप अजून जात नाही.

शेवटच्या बैठकीच्या गुरुवारी ताईंना गलोंड्यात सोडून आम्ही साहेबांना वापी स्टेशनला सोडायला निघालो. ड्रायव्हरने जीप सरळ रांध्यात नेऊन थांबवली. सात-आठ बायका आल्या आणि सवयीने मागचं दार उघडून बसल्या.

"गलोंड्यालाच ना, भाऊ?"

साहेबांनी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. "या कधीपासून येतात?"

त्याने गिअर टाकला. "पहिल्या बैठकीपासून. ताईंना सोडलं की मी यांना आणायचो. कुठल्या गावच्या, कुणी विचारलं नाही."

"आता अहवाल गेलाय," साहेब म्हणाले.

त्याने जीप बंद केली आणि कुणी न विचारता तो बोलला, "मग तुम्ही इथंच उतरा साहेब. यांना उशीर होतोय."